दमा कुणाच्या घरचा

भिंगरीला दमा आहे असं डॉक्टर सांगत होते, तेव्हा ती त्यांच्या टेबलाखाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडत होती. पाच वर्षांची आहे आणि एका जागी टिकत नाही, म्हणून हे नाव. दोन पंप मिळाले. एक रोज सकाळी घ्यायचा आणि एक निळा, धाप लागली की घ्यायचा. दोन्ही एका प्लास्टिकच्या नळकांड्यातून, मुखवटा तोंडावर धरून, दहा श्वास मोजत. मी आणि नवरा दोन दिवसांत शिकलो. भिंगरी एका दिवसात शिकली आणि सात वगळून दहापर्यंत मोजायला लागली.

शिकल्या नाहीत त्या सासूबाई.

"आमच्या घराण्यात दमा नाही," त्या म्हणाल्या. "सर्दी आहे साधी. लेकराच्या तोंडावर कसलं ते भांडं दाबायचं!"

घोडं इथेच अडलं. सोमवारपासून मी चष्म्याच्या दुकानात परत कामाला जाणार होते. पाच वर्षांनी. मालकांनी दोनदा विचारलं होतं, तिसऱ्यांदा विचारणार नव्हते. दुपारी शाळेतून आल्यापासून भिंगरी आजीजवळ राहणार. तिला धाप लागली आणि निळा पंप कपाटातच राहिला तर?

"आई पंप द्यायला शिकल्या तरच मी जाणार," मी नवऱ्याला सांगितलं.

"मी बोलतो तिच्याशी," तो छाती काढून म्हणाला. आत गेला. दहा मिनिटांनी बाहेर आला तो, "सर्दीच असेल गं, नाही का?" असं म्हणत.

माझ्या आईला फोन केला. ती दोन तासांवर राहते, रोज येणं तिला शक्य नाही. तिने मात्र धीर दिला. "आपल्याकडे कुणाला साधा खोकलाही नाही. हे सगळं तिकडूनच आलंय." फोन स्पीकरवर होता. सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. त्यानंतर भाजीचे देठ फार जोरात मोडले जाऊ लागले.

अशात दवाखान्यातून निरोप आला. दमा असलेल्या मुलांच्या घराण्यांचा अभ्यास चालू होता आणि दोन्हीकडच्या आज्यांना बोलावलं होतं. मला वाटलं, एकही यायची नाही. दोघी एका पायावर तयार झाल्या. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "निकाल लेखी देतात ना?"

शनिवारी आम्ही तिघी आणि भिंगरी एका अरुंद खोलीत बसलो होतो. चार खुर्च्या, वजनकाटा, न लागणारी खिडकी. अभ्यास करणारी डॉक्टर माझ्याच वयाची, केसांत दोन पेनं खोचलेली. तिसरं शोधत होती.

"घरात कुणाला दमा?"

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

"ॲलर्जी?"

"छे!"

"शिंका वगैरे?"

"शिंका काय, सगळ्यांनाच येतात," सासूबाई म्हणाल्या. "मला सकाळी येतात. सतरा-अठरा. त्याशिवाय आमच्याकडे कुणाला उठल्यासारखंच वाटत नाही."

डॉक्टरला पेन सापडलं. "आणि तुमचे वडील?"

"ठणठणीत. बसून झोपायचे."

"बसून?"

"शिस्तीचे होते."

माझ्या आईने पदराआड हसू दाबलं, ते डॉक्टरला दिसलं. "तुमच्याकडे काय, आजी?"

"आमच्याकडे काही म्हणजे काही नाही. भाऊ तेवढा खाजवायचा. कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे, रक्त येईपर्यंत. काळजी करणारा स्वभाव. आणि मावशी घर झाडायला लागली की डोळ्यांतून धारा. फार हळवी."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "हे बघा, दमा कुणा एकाकडून येत नाही. बारीक बारीक कितीतरी गोष्टी रक्तातून येतात, थोड्या इकडून, थोड्या तिकडून. मग धूळ, धूर, हवा त्यांना चेतवतात. आणि यातली कुठली गोष्ट कुठल्या लोकांत किती, हे जगभर सारखं नसतं. आजवरचा बहुतेक अभ्यास दूरच्या लोकांवर झालाय. त्यांचं आपल्याला तसंच्या तसं लागू पडेलच असं नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आमच्या यादीत तुमच्यासारखं एकही घर नाही अजून."

सासूबाईंनी चष्मा वर ढकलला. "एकही नाही?"

"नाही."

"आणि त्या दूरच्यांची?"

"हजारो."

दमा असणं हा कमीपणा होता. पण जगाच्या वहीत आपलं घराणंच नाही, हा तर उघड अपमान होता.

"लिहा," सासूबाई म्हणाल्या. "वडील बसून झोपायचे ते आडवं झालं की दम कोंडायचा म्हणून. काका जिन्यात तीनदा थांबायचे. आम्ही म्हणायचो, विचार करतायत."

माझ्या आईने खुर्ची पुढे सरकवली. "माझ्या भावाचं इसब होतं, लिहा. मावशीचे डोळे लिहा. माझ्या चुलतबहिणीच्या मुलाला तर मांजराच्या नुसत्या फोटोनेसुद्धा..."

"फोटोने होत नाही, आजी."

"चुलत कशाला घुसवताय, विहीणबाई?" सासूबाई म्हणाल्या. "आमचे सख्खेच तीन झाले."

"आमची आत्या धरून चार."

"आत्या? ती पाय घसरून पडली होती ना? तुम्हीच सांगितलं होतंत लग्नात!"

"शिंक आली म्हणून घसरली!"

मग रक्तातून काय काय आलंय ते तपासायला लाळेचे नमुने. डॉक्टरने दोघींच्या हातात एकेक नळी दिली, रेघेपर्यंत भरायची. पाच मिनिटं दोघी भिंतीकडे तोंड करून मुकाट्याने थुंकत होत्या. दोन्ही घराण्यांत इतका एकोपा मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. सासूबाईंनी आधी नळी उंचावली.

"तुमचा फेस आहे," आईने वाकून पाहिलं. "फेस धरत नाहीत. हो ना, डॉक्टर?"

"नाही धरत," डॉक्टर म्हणाली आणि खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

शेवटी फुंकायचं. आकडे लिहिलेली नळी, त्यात सरकणारा काटा. एका दमात जोरात फुंकायचं, तीनदा. आईचा काटा तीनशे चाळीसवर गेला. सासूबाईंनी पदर खोचला, पाय रोवले, फुंकलं. एकशे नव्वद.

"बिघडलीय ही."

दुसरी नळी आली. एकशे पंचाऐंशी. आईने पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

डॉक्टरने त्यांची छाती तपासली, कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं आणि म्हणाली, "तुम्हाला पंप देऊन पुन्हा फुंकून बघू." सासूबाईंनी तोंड उघडलं, पण नाही म्हणायला जेवढा श्वास लागतो तेवढा त्यांच्याकडे उरला नव्हता. भिंगरीने नळकांडं ताब्यात घेतलं.

"आजी, आधी सगळा श्वास सोड. आता तोंड लाव. हसायचं नाही. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ..."

वीस मिनिटं थांबायचं होतं. भिंगरी वजनकाट्यावर चढून उतरत राहिली. मग सासूबाईंनी फुंकलं आणि काटा दोनशे ऐंशीवर जाऊन थांबला. डॉक्टर लिहून घेऊ लागली. सासूबाई मात्र काट्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी हळूच एक श्वास घेतला. थांबल्या. आणखी एक घेतला, जरा खोल, जणू कुणी बघेल म्हणून चोरून.

"सगळ्यांना असाच येतो का गं?" त्यांनी मला विचारलं.

"काय, आई?"

"श्वास."

"हो," मी म्हटलं.

"मला वाटायचं, वय झालं."

"कधीपासून वाटतं असं?" डॉक्टरने विचारलं.

सासूबाईंनी हिशेब केला. "लग्नाच्या आधीपासून."

डॉक्टरने छातीच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी लिहून दिली. माझ्या आईने आपली पाण्याची बाटली काढून विहिणीपुढे धरली. सासूबाईंनी दोन घोट घेतले. मग त्यांनी भिंगरीला मांडीवर ओढलं, तिच्या पाठीला कान लावला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. भिंगरी चक्क हलली नाही.

"हिला मी सर्दी म्हणत होते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, नेहमीच्या आवाजात, "बघत काय राहिलीस? दाखव ते भांडं कसं धरायचं ते."

रविवारभर त्यांनी सराव केला. आधी नळकांडं जोरात हलवलं, मग उलटं धरलं, मग माझीच धरण्याची पद्धत चुकते असं सांगितलं. संध्याकाळी मी चुपचाप बाजूला उभी राहून पाहिलं. मुखवटा नाकातोंडावर नीट बसला होता, कडेने हवा जात नव्हती. दहा श्वास, आणि त्यांत सातही होता.

सोमवारी मी दुकानात गेले. तीनला घरी फोन केला. सहावी घंटा वाजून गेली. माझ्या हातातल्या फ्रेमचा स्क्रू काउंटरखाली गेला.

"काय गं?" सासूबाईंचा आवाज.

"भिंगरी?"

"जिना पळत चढून आली. छातीत शीळ वाजत होती. निळा दिला, थांबली शीळ. आता पोळी खातेय."

"मी येऊ का घरी?"

"आणि काय करणार येऊन? मी आहे ना. दर तासाला फोन करायचा असेल तर नोकरी कशाला धरलीस? ठेव."

मी ठेवला. स्क्रू शोधला, फ्रेमला बसवला, गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी नीट केली. आई सांगतायत तर ठीकच असणार. किती नीट सांगितलं त्यांनी. पाच मिनिटं मी अगदी शहाण्यासारखी वागले.

मग नवऱ्याला फोन केला आणि त्याला घरी फोन करायला सांगितलं.