बर्फाळ जंगलासाठी चोथा

त्या सकाळी आईने चहा नेहमीसारखाच केला होता, म्हणजे वाईट.

पातेल्यात पाणी आणि चहापूड टाकायची आणि पूड रंग सोडून सोडून दमेपर्यंत ते उकळत ठेवायचं, ही तिची रीत. दूध घातल्यावरही तो चहा जुन्या कपाटाच्या रंगाचा दिसे. बाबांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि गिळला. मीही. आमच्या घरात या विषयावर बोलणं होत नसे. आईला चहाशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला हवा असायचा चोथा.

आई बोटभर उंचीच्या खेळण्यातल्या शिपायांच्या बैठका, म्हणजे त्यांना उभं ठेवणाऱ्या चकत्या, करायची. टेबलावर लढाया खेळणारी मोठी माणसं असतात. ती आपापले शिपाई हौसेने रंगवतात, पण पायाखालची जमीन त्यांना जमत नाही. तो भाग आईकडे यायचा. नाण्याएवढी लाकडी चकती, तिच्यावर वाळू, खडे, बर्फ, झाडाखालचा पाला. ही माणसं शिपायाला बैठकीला धरून उचलतात, दाणकन आपटतात, डब्यात कोंबतात, आणि बघता बघता वाळू गळायला लागते. आईची गळत नसे.

पाल्यासाठी चहाच्या चोथ्यासारखं दुसरं काही नाही, असं तिचं मत होतं. फक्त तो पुरता उकळलेला हवा. कच्चा राहिला तर गोंदात पिवळं पाणी सोडतो आणि शेजारचा बर्फ नासतो. ‘‘कुत्रा येऊन गेल्यासारखा दिसतो,’’ ती म्हणायची.

त्या दिवशी ती सेनापतींच्या बर्फाळ जंगलाचं काम करत होती. सेनापती म्हणजे शाळेत भूमिती शिकवणारे एक सभ्य गृहस्थ. त्यांचे दोनच शिपाई करायचे उरले होते. त्यातल्या एकाची बैठक वाळली होती.

‘‘टाक,’’ आई म्हणाली.

मी तो टेबलाच्या कडेवरून खाली सोडला.

‘‘हे काय, अलगद? तुझे बाबा रिमोट टाकतात तसा टाक.’’

‘‘मी कधी रिमोट टाकला?’’ बाबा आतून म्हणाले.

मी टाकला. मग पांढऱ्या कागदावर धरून बैठकीवरून जुना टूथब्रश फिरवला.

‘‘एक कण पडला,’’ मी म्हटलं. ‘‘एकच.’’

‘‘मग परत.’’ तिने पाणी घातलेल्या गोंदात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला, म्हणजे तो वाळूत खोलवर मुरतो, आणि आणखी एक हात दिला. सकाळचा चोथा बशीत पसरून शेवटच्या शिपायासाठी खिडकीत ठेवला. दुपारी जरा पडते म्हणून आत गेली आणि उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. आईला काही कळलं नाही असं म्हणणारा तो पहिलाच माणूस.

नातेवाईक येऊन गेल्यावर सेनापती आले. दारातच उभे राहिले.

‘‘तो शेवटचा राहू दे गं. माझा एक शिपाई अनवाणी लढेल.’’

‘‘नाही लढणार,’’ बाबा म्हणाले. ‘‘ती हो म्हणाली होती तुम्हाला.’’

मी म्हटलं, मी करते. खिडकीतल्या बशीला मी कुणाला हात लावू दिला नव्हता.

काम मी आयुष्यभर पाहिलं होतं. चकती पॉलिश पेपरने खरवडली, गोंद लावला, धुतलेली वाळू दाबली, वाळल्यावर पातळ गोंद मुरवला. चोथा आधी तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत परतायचा असतो, हेही ठाऊक होतं. पण तिने केलेल्या शेवटच्या चहाचा तो चोथा. त्याला आच लावायला माझा हात धजला नाही. हाताला कोरडा लागत होता. तसाच बसवला आणि वरून गोंदाने बंद केला.

काही दिवसांनी बाबांनी भिंग लावून पाहिलं.

‘‘बर्फ छान जमलाय.’’

‘‘बाबा, ती बुरशी आहे.’’

‘‘हां.’’ त्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं. ‘‘बर्फ म्हणून देऊन टाकायचा?’’

‘‘सगळ्या सैन्याला लागेल.’’

‘‘मग खरवड.’’

‘‘तो तिचा शेवटचा चहा आहे.’’

‘‘चहा आपण प्यालो,’’ बाबा म्हणाले. ‘‘हा चोथा आहे.’’

मी तो खरवडला. कागदात गुंडाळून टाकला. बराच वेळ कचऱ्याच्या डब्याचं झाकण धरून उभी होते. बाबांनी पंखा बंद केला, मग परत लावला.

नवा चोथा हवा होता. आई गेल्यापासून चहा मी करत होते, चारचौघांसारखा. त्याचा चोथा वापरला तर बर्फ पिवळा पडला. बाबांनी पाहिलं आणि ‘‘कुत्रा’’ एवढंच म्हणाले. मग पातेलं ठेवून मी आईसारखी उकळत बसले. घरभर तो वास पसरला. गाळलेला चहा मोरीत ओतता आला असता. आम्ही तो समोरासमोर बसून संपवला.

या खेपेला चोथा तव्यावर परतला. हलवताना वाळूसारखा वाजेपर्यंत. बसवला, दोनदा गोंद मुरवला, मधे पुरतं सुकू दिलं, वरून चमक नसलेलं वॉर्निश.

आज सेनापती न्यायला येणार होते. मी टेबलाशी उभं राहून शिपाई बाबांच्या रिमोटसारखा टाकला. उचलून पुन्हा टाकला. टूथब्रश फिरवला, जरा रागानेच. कागद पांढरा राहिला. भिंगातून पाहिलं, तरी पांढराच.

मी वळले तर बाबा स्वयंपाकघरात. पातेलं उकळत होतं, पाण्याचा रंग जुन्या कपाटासारखा झाला होता.

‘‘आता चोथा कशाला? झालं ना काम.’’

‘‘चोथा नकोय,’’ बाबा म्हणाले. ‘‘चहा हवाय.’’

त्यांनी दोन कप भरले. आम्ही बसलो. शिपाई टेबलावर, आपल्या बर्फात पाय रोवून. बाबांनी घोट घेतला, डोळे मिटले, गिळला. मीही घेतला. मग तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हटलं,

‘‘आई, तुझा चहा फार वाईट असायचा गं.’’