फिकट राहिलेल्या रेघा

ताईच्या पाठीवरची चरबीची गाठ लिंबाएवढी होती. ती निघाली, चार टाके पडले, आणि टेबलावर पालथी पडलेली ताई म्हणाली, "झालं? एवढ्यासाठी दोन वर्षं भ्यायले होय मी!"

"जीभ तेवढी बधिर करायची राहिली," हातमोजे काढत डॉक्टर म्हणाले.

तिची धाकटी बहीण हसली. या दवाखान्यात ती एकोणीस वर्षं नर्स होती. हसत हसतच तिनं हत्यारांच्या पुडक्याचा कागद टाकायला उचलला, आणि हात जागीच थिजला.

कागदावर चिकटवलेल्या पट्टीच्या रेघा फिकट होत्या. पुडकं वाफेच्या भांड्यात निर्जंतुक झालं की त्या काळ्याकुट्ट होतात. या सायीसारख्या. म्हणजे हत्यारं नुसती धुतलेली.

छे, छे. तिनं कागद खिडकीशी नेला. उन्हातही रेघा फिकटच.

कपाटात उजवीकडे निर्जंतुक पुडकी, डावीकडे वाफेत जायची. सकाळी कपाट पुसून तिनंच ती परत रचली होती, फोन खांद्याशी धरून, ताईला धीर देत, "घाबरू नकोस गं, मी आहे ना." बोलण्याच्या नादात बाजूंची अदलाबदल झाली असणार. मग गाठ काढताना हात सवयीनं उजवीकडे गेला. हाताला डोळे फुटले की डोळे झोपा काढतात.

ताईला साखरेचा आजार होता. मागल्या वर्षी अंगठ्याची साधी चीर तीन महिने वाहत राहिली होती. ताईच्या पाठीतली गाठ सुटली आणि धाकटीच्या पोटात बसली.

ताई उठून कपडे सावरू लागली. "काय गं, भूत पाहिलंस?"

कागद मुठीत होता. कचऱ्याची बादली हातभर लांब.

"डॉक्टर," तिचा आवाज तिलाच परका वाटला, "रेघा काळ्या झालेल्या नाहीत."

डॉक्टरांनी कागद घेतला. चष्मा वर केला, खाली केला. मग स्टुलावर बसले. "मीही पाहिलं नाही," एवढंच म्हणाले. मग उठून ते ताईकडे वळले.

"ताई, टाके काढावे लागतील. जखम धुऊन उघडी ठेवू, रोज पट्टी बदलू. स्वच्छ राहिली तर चार दिवसांनी शिवू. रक्तही तपासावं लागेल."

ताईचा चेहरा उतरला. ती धाकटीकडे बघत राहिली. "तुझ्या हातून झालं हे?"

"माझ्याच."

"लहानपणी बरण्या फोडायचीस आणि नाव मांजराचं सांगायचीस. आज मांजर कुठं गेलं?"

धाकटीच्या डोळ्यांतून धार लागली.

"पूस ते आधी. आता डोळ्यांचंच काम आहे." ताई परत पालथी झाली. तिची बोटं टेबलाच्या कडेला घट्ट रुतली होती.

धाकटीनं नवं पुडकं काढलं.

"थांब. इकडे आण," ताई मान वळवून म्हणाली. "कुठल्या रेघा?"

धाकटीनं पुडकं तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

"काळ्या," ताई म्हणाली.

डॉक्टर वाकले. "काळ्या."

धाकटीनं एकेका रेघेवर नजर थांबवली. सगळ्या पाहून झाल्यावरच तिनं पुडकं उघडलं.