मधल्या दारातलं मोहोळ

पंचफुलेच्या पापणीला मधमाशी डसली आणि अनुपमाबाईंचा नाइलाज झाला. पंचफुला म्हणजे त्यांच्याकडे धुणंभांडी करणारी बाई. एरवी कुणाच्या बापाला भिणारी नव्हे. पण डोळा भज्यासारखा सुजल्यावर तिने झाडू भिंतीला टेकवला आणि निक्षून सांगितलं, "काकू, एक तं त्या माशा राहतीन या घरात, नाई तं मी. काय ते ठरवा अन् सांगा."

माशा काही बाहेरून येऊन डसून जाणाऱ्या नव्हत्या. स्वयंपाकघराच्या भिंतीतच त्यांचा भरला संसार होता. ही भिंत म्हणजे मुळात दार. अनुपमाबाईंच्या सासऱ्यांनी अमरावतीत घर बांधलं तेव्हा दोन मुलांसाठी दोन बिऱ्हाडं काढली, दोन स्वयंपाकघरं केली आणि मध्ये एक दार ठेवलं. चुली वेगळ्या असल्या म्हणजे बायका भांडत नाहीत, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर निघाला. बायका नाहीच भांडल्या. भांडले ते मुलगे.

थोरले हेमचंद्र, म्हणजे अनुपमाबाईंचे यजमान, वकील; धाकटे यशोधन कॉलेजात शिकवणारे. वडील गेल्यावर समोरच्या खोलीवरून त्यांचं बिनसलं. एकाला तिथे पक्षकार बसवायचे होते, दुसऱ्याला शिकवणीची पोरं. चार शिव्या देऊन मोकळे झाले असते तर बरं झालं असतं, पण शिकलेली माणसं पडली; त्यांनी अबोला धरला. हेमचंद्रांनी तावातावाने मिस्त्री बोलावला आणि मधल्या दारात आपल्या बाजूने विटा घालून घेतल्या. त्याच आठवड्यात पलीकडूनही ठोकाठोक ऐकू येऊ लागली. "बघ, त्यानेही घातली," हेमचंद्र म्हणाले आणि ताटावरून उठून गेले. पुढे एका दिवाळीआधी ते छिन्नी-हातोडा घेऊन त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे होते. "आपली तोडून काय उपयोग? त्याची आहेच ना पलीकडे," असं स्वतःशीच म्हणाले आणि हातोडा जागेवर ठेवून आले. दोन वर्षांपूर्वी हेमचंद्र गेले. यशोधनने खांदा दिला, त्याची बायको मैथिली येऊन शेजारी बसली, पोटभर रडली आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

मिस्त्रीने घाईघाईत वर चौकटीखाली बोटभर फट तशीच सोडली होती. माशा मागच्या अंगणाच्या खिडकीतून यायच्या आणि त्या फटीतून आत शिरायच्या. अनुपमाबाईंना हे पंचफुलेच्या आधीपासून ठाऊक होतं, पण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी काम आवरलं की त्या भिंतीला पाठ टेकून बसत. आतली गुणगुण पाठीतून अंगात उतरायची. वाटायचं, दाराआडून कुणीतरी हळू आवाजात बोलतंय. एकट्या बाईला दुपारी एवढी सोबतही पुष्कळ होते.

आणि मग जुनं सगळं आठवायचं. मैथिली अकोल्याहून सून होऊन आली तेव्हा तिला पुरण शिजवता यायचं नाही. कधी सैल, कधी गोळा. पातेलं घेऊन ती या दारातून धावत यायची, "वहिनी, पाहा ना, हे काय होऊन बसलं!" सासूबाईंना दिसायच्या आत अनुपमाबाई पातेल्यांची अदलाबदल करायच्या. दिवसभरात त्या दारातून काय काय जायचं यायचं. वाटीभर दही, कोथिंबिरीची अर्धी जुडी, रांगतं मूल. कुणाच्या घरात कोण जेवलं हे कुणी विचारत नव्हतं. आणि महालक्ष्म्यांचे दिवस! पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या वऱ्हाडात महालक्ष्म्या, आणि वऱ्हाडात त्यांचा थाट माहेरपणाला आलेल्या लेकींपेक्षा जास्त. सोळा भाज्या, आंबील, पुरणाच्या दिव्यांची आरती. दोघी जावांनी मिळून मुखवटे चिंचेने घासायचे, एकीने ज्येष्ठेला साडी नेसवायची, दुसरीने कनिष्ठेला, आणि कुणाच्या निऱ्या चांगल्या आल्या यावरून भर स्वयंपाकात हुज्जत घालायची. दार बंद झाल्यावर दोन्ही निऱ्या अनुपमाबाईच काढत आल्या होत्या. नीट यायच्या, पण हुज्जत घालायला कुणी नव्हतं.

त्यातच मुलाचा, स्वानंदचा, पुण्याहून फोन आला. दिवाळीनंतर आईने तिकडे यायचं, हे ठरलंच होतं. "मग महालक्ष्म्यांचं काय रे?" अनुपमाबाईंनी विचारलं. "आई, इथे टू बीएचकेत कुठे बसवणार? फोटो ठेवू," तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं, पण त्यांच्या मनाला ते लागून राहिलं. घरच्या महालक्ष्म्या पेटीत बंद करून जायचं? एका जावेकडून बंद झाल्या तर दुसरीने बसवायच्या, ही रीत. दुसरी होती हाताच्या अंतरावर, विटांच्या मागे. पण मागायचं कोणत्या तोंडाने? नवऱ्याने दार बुजवलं आणि आता बायकोने त्याच दारी पदर पसरायचा? रोज त्या मनात वाक्य जुळवायच्या आणि रोज ते मनातच राहून जायचं.

महालक्ष्म्या पंधरवड्यावर आल्या आणि पंचफुलेचा डोळा सुजला. मोहोळ काढणं आता भागच होतं. भातकुली गावचा सहदेव दारावर भाजी आणायचा. सोळा भाज्याही दरवर्षी तोच जमवून द्यायचा. त्याने भिंतीला कान लावला आणि मान डोलावली.

"हे तं डाव्या हातचं काम हाय, काकू. माया मामानं मेळघाटात लय मोहोळं झाडली."

"मामाने झाडली. तू?"

"मी पायली ना!"

एवढ्या अनुभवावर सहदेव दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी कामाला लागला. डोक्याला दुपट्टा गुंडाळला, घमेल्यात गवऱ्या पेटवून वर ओला कडुलिंब टाकला आणि स्टुलावर चढला. पहिली वीट निघेपर्यंत गडी शूर होता. दुसरी निघाली आणि आतून जो घोंघाट उठला, तो ऐकून त्याने विटेसकट उडी मारली, ती थेट अंगणातल्या नळाखाली. "काकू, पळा!" एवढी माणुसकी मात्र त्याने दाखवली. अनुपमाबाई पदर तोंडावर ओढून कोपऱ्यात बसल्या. मनगटावर एक डंख बसलाच. घमेलं भिंतीशी धुमसत राहिलं आणि धूर फटीतून आत ओढला जाऊ लागला. हळूहळू माशा निवळल्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडून ठसका ऐकू आला. मग दुसरा. मग आवाज.

"काहून वो वहिनी, घर पेटवून राहिल्या का?"

इतक्या वर्षांत मैथिलीचं हे पहिलं वाक्य. अनुपमाबाईंच्या तोंडून जुळवलेलं एकही वाक्य निघालं नाही.

"मैथिली, धूर तिकडे कसा आला गं?"

"कसा म्हणजे? दाराच्या फटीतून."

"पण तुमची भिंत?"

"आमची कोणती भिंत? भिंत तुम्ही घातली. आमच्याकडं दारच आहे."

"अगं, मिस्त्री लावला होता ना तुम्ही? आम्ही ठोकाठोक ऐकली होती. चांगले दोन-तीन दिवस."

मग मैथिली म्हणाली, "वहिनी, तो बाथरूमच्या टाइल्स बसवून राहिला होता."

अनुपमाबाई जिथे होत्या तिथेच बसून राहिल्या. हातोडा परत ठेवून येणारे हेमचंद्र त्यांना स्पष्ट दिसले. टाइल्सच्या आवाजाला भावाची भिंत समजून हा माणूस झुरत राहिला आणि तसाच गेला. त्यांना त्याचा राग आला, यशोधनचा आला, त्या मेल्या मिस्त्रीचा आला आणि मग एकदम खूप वाईट वाटलं. एकदा फाटकातून जाऊन विचारलं असतं तर! पण विचारेल तो वकील कसला?

त्या उठल्या. दारातून वाट नव्हती, तिथे माशा होत्या. मग पुढच्या फाटकाने रस्त्यावर आल्या. पायात चप्पल नाही, केसांत धुराची राख, मनगट टम्म सुजलेलं. समोरच्या बाई गॅलरीतून पाहत राहिल्या. पाहू देत. पलीकडचं फाटक उघडायला मैथिली आधीच येऊन उभी होती. केस आता पुरते पांढरे झाले होते तिचे. मैथिलीने त्यांचा दंड धरून आत नेलं.

स्वयंपाकघरात ते दार होतं. तोच हिरवा रंग, फटींमध्ये जुन्या साडीच्या चिंध्या कोंबलेल्या.

"मोहोळ आहे हे माहीत होतं तुला?"

"दोन उन्हाळ्यांपासून."

"मग काढलं का नाहीस?"

"काढायचं म्हणजे तुमची भिंत तोडा लागली असती. ते काम आमचं नव्हतं."

यशोधन आतून आले. निवृत्त झाले होते, पाठ थोडी वाकली होती. त्यांनी वहिनीचं मनगट पाहिलं, चुन्याची डबी आणली आणि डंखावर चुना लावला. लावता लावता त्यांचा हात थांबला.

"दादाले वाटे का, मी बी घातली म्हणून?"

अनुपमाबाईंनी होकारार्थी मान हलवली. यशोधनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि डबी ठेवायला म्हणून आत गेले, ते लवकर बाहेर आले नाहीत.

आता नाही तर कधीच नाही, हे अनुपमाबाईंना कळलं. त्यांनी एका दमात सांगून टाकलं; पुणं, फ्लॅट, फोटो, सगळं. "तू बसवशील का महालक्ष्म्या? रीतीने तुझ्याकडेच यायला हव्यात."

मैथिली चहा गाळत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "मले नाही पाहिजे."

अनुपमाबाईंनी ऐकून घेतलं. बरोबर होतं तिचं. इतक्या वर्षांचं एका चहात कसं फिटणार?

"मुखवटे देऊन टाकाल अन् मोकळ्या होऊन पुण्याले जाल," मैथिली म्हणाली. "मी एकटीनं काय करू? त्या दोघी बहिणी बसतील जोडीनं, अन् मी त्यांच्यापुढं एकटी. दरवर्षी यायचं असेल तुम्हाले, आधी चार दिवस यायचं, नंतर चार दिवस राहायचं, तर आणा. ह्याच वर्षी आणा. तुमच्या स्वयंपाकघरात तशाही माशा आहेत, त्यांना राहू द्या. दोन विटा लावून घ्या परत, अन् पंचफुलेले तोवर इकडं कामाले पाठवा."

"येईन," अनुपमाबाई म्हणाल्या. "पण तुला सगळं लक्षात असेल का गं? आरत्यांचा क्रम, नैवेद्याचं..."

मैथिलीने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"वहिनी, तुमच्याकडं आरती सुरू झाली की मी दरवर्षी इथं, या दाराशी हात जोडून उभी राहते. हे तिकडं आरामखुर्चीत बसून टाळ्या वाजवतात. आरती आमची एकदाही चुकली नाही. प्रसाद तेवढा मिळाला नाही."