तळघरातला मेळावा

व्यवस्थापकांनी मोठ्या सभागृहाच्या दारावरचा ‘परिचारिका स्नेहमेळावा’ हा फलक काढला आणि तळघराच्या जिन्यापाशी नेऊन टेकवला. मेळाव्याचं आरक्षण चार महिन्यांपूर्वीचं. पण काल एका बड्या कंपनीचा फोन आला, आणि व्यवस्थापकांनी या निवृत्त बायकांना कळवून टाकलं, “मोठ्या हॉलचा एसी बिघडलाय.”

कुणी हुज्जत घातली नाही. “वेळेवर सांगितलंत ते बरं केलंत, साहेब,” म्हणत त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या.

एकजण मात्र वरच राहिली. गुडघ्यांनी साथ सोडलेली, चाकाच्या खुर्चीतली. तळघरापर्यंत लिफ्ट नव्हती. मैत्रिणी पाळीपाळीने वर येत, दोन शब्द बोलत आणि धापा टाकत परत जात. खाली हशा पिकला की ही इथे एकटीच हसे.

व्यवस्थापक तीनदा तिच्यासमोरून गेले. चौथ्यांदा चहा घेऊन आले.

“किती करता हो आमच्यासाठी!” ती म्हणाली. “शेवटी तुमचे आभार मानायचं ठरलंय.”

त्यांनी कप पुढे केला.

“एसी बिघडला नव्हता, मावशी. मी खोटं बोललो.”

तिने कप हातात घेतला. सावकाश एक घोट घेतला.

“सकाळपासून त्या हॉलच्या दाराशी बसलेय. पाय गारठलेत माझे.”

“मग कुणाला बोलला का नाहीत?”

“चाळीस वर्षांनी भेटल्यात त्या. भांडणात दिवस घालवू?”

व्यवस्थापकांनी मान खाली घातली. बोलायला तोंड उघडलं, तसा तिने हात वर केला.

“माफी नंतर मागा. आधी मला खाली न्या. जन्मभर माणसं उचललीत मी; सांगते तसं धरा.”

त्यांनी वॉचमनला हाक मारली. दोघांनी खुर्ची उचलली.

“मागे कलवा. घाई नको. पायरीवर दोन्ही पाय टेकले की मगच पुढची.”

व्यवस्थापकांचा शर्ट पाठीला चिकटला.

खालचं दार उघडलं. साठ बायका एकदम उभ्या राहिल्या आणि व्यवस्थापकांकडे बघत टाळ्या वाजवू लागल्या. थांबा म्हणायला त्यांना हात उचलता येईना. दोन्ही हात खुर्चीला होते.