मी एकही शब्द गाळला नव्हता

मित्रांनो, तुमच्या घरातल्या संगणकाच्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण कधी उघडून पाहिला आहे का? वाळलेली स्केचपेने, संपलेल्या बॅटऱ्या, कोणत्या कुलपाची ते देवालाही ठाऊक नाही अशी एक किल्ली... अशाच एका खणात, त्या किल्लीला टेकून, तळहाताएवढे हिरवे कार्ड पडले आहे. तोच मी! मी एक जुने नेटवर्क कार्ड आहे. अंगावर बोटभर धूळ आहे, पण आठवण ठणठणीत आहे.

एका मोठ्या कारखान्यात, एका दिवसात माझ्यासारखी शेकडो भावंडे जन्मली. मला दोन इवलेसे दिवे मिळाले, एक हिरवा आणि एक पिवळा. मी तर जाम खूश होतो! मग खोका, दुकान, पुन्हा खोका. शेवटी दुरुस्तीवाल्या काकांनी मला एका घरातल्या जुन्या संगणकात बसवले. विजेच्या झटक्याने त्याची इंटरनेटची मूळची जोडणी जळाली होती. "म्हाताऱ्या मशीनला लिनक्सच सोसतं," असे म्हणत काकांनी त्यात लिनक्स ही संगणक चालवणारी हलकी प्रणाली घातली आणि माझ्या तोंडात तार खोचली. माझे दिवे लुकलुकले आणि टेबलाशी उभी असलेली मुलगी टाळ्या वाजवत ओरडली, "आई, लागलं! आजोबांना फोन लाव!"

तारेतून येणारे बोलणे सलग येत नाही बरे का. त्याचे बारीक तुकडे होतात आणि एकेक तुकडा जणू एकेका पाकिटात बसून येतो. मिनिटाला हजारो पाकिटे! ती तारेतून उचलायची, मोजायची आणि पुढे द्यायची, हे माझे काम. माझ्याकडून ती घेतो तो ड्रायव्हर. हा काही गाडी चालवत नाही. तो लिनक्समधला एक छोटा प्रोग्राम आहे, माझ्या आणि संगणकाच्या मधला दुभाषी. मी त्याच्या ओंजळीत टाकायचे, त्याने आत पोचवायचे.

आजोबा म्हणजे आईचे वडील. ते दूरच्या गावी एकटे राहत. तीस वर्षे त्यांनी बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. काय तो आवाज! पाकिटे उचलताना माझ्याच अंगावर काटा यायचा. शाळा सुटली की रोज पाच वाजता ते पडद्यावर येत आणि एका दीपगृहाची लांबलचक गोष्ट वाचून दाखवत. त्याच पुस्तकाची एक प्रत मुलीकडेही होती. ती बोट ठेवून ओळ न ओळ बघायची.

"आजोबा, 'काळोख' म्हणालात. इथे 'काळाकुट्ट काळोख' आहे."

"चुकलो, मास्तरीणबाई! छडी मारू नका, पुन्हा वाचतो."

त्यांनी तिचे नावच मास्तरीणबाई ठेवले होते. शब्द राहिला की ती त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि रोज जिथे थांबत तिथे समासात तारीख टाकायची. महिन्याला जेमतेम दोन-तीन रेघा. खलाशाचा घोगरा आवाज, वादळ, बोटीचा भोंगा, आजोबा सगळे काढायचे. त्या अर्ध्या तासात मीही कार्ड नसायचो, खलाशी व्हायचो!

मग एका गुरुवारी पडद्यावर चौकट आली: नवीन सुधारणा उपलब्ध आहेत, बसवायच्या का? मुलीने वाचले न वाचले आणि 'हो' दाबले. त्यात बिचारीची काय चूक? तुम्ही तरी कधी पूर्ण वाचता का?

त्या सुधारणांबरोबर नवा ड्रायव्हर आला. त्याच्या ओंजळीला भोक होते. चार-दोन पाकिटे सावकाश आली तर तो नीट झेलायचा. पण बोलण्याची पाकिटे ओळीने येऊ लागली की मधलीच काही गळायची, आणि त्याला पत्ताही नसायचा. मी मात्र पाहत होतो. मी आलेले प्रत्येक पाकीट मोजून देत होतो आणि आत त्याहून कमी पोचत होती.

त्या संध्याकाळी आजोबा वाचत होते, "दीपगृहाच्या पायऱ्या चढून तो वर गेला." मुलीला ऐकू आले, "दीप... च्या पाय... तो... गेला."

नेमकी त्याच आठवड्यात आजोबांनी नवी कवळी बसवली होती. मुलगी खो खो हसली. "आजोबा, कवळी शब्द खातेय तुमचे!"

तेही हसले. "नवी आहे ना, तिला भूक फार."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. पुस्तकात रेघाच रेघा झाल्या. आई कामावरून आली की मागे उभी राहून म्हणायची, "बाबा, जरा सावकाश बोला ना. तुमचं बोलणं तुटतंय." आजोबा सावकाश बोलले. मग मोठ्याने बोलले. दातांच्या डॉक्टरांकडे तीनदा जाऊन कवळी घासून आणली. एकदा तर कवळी काढून वाचू लागले, आणि तेव्हा मात्र बोल खरोखरच बोबडे आले. त्यांनी पुस्तक मिटले.

"वय झालं गं," ते म्हणाले. "घोषणा करणारा माणूस मी. आता एक वाक्य धड येईना."

हे वाक्य फुटक्या ओंजळीतून कसे कोण जाणे, अख्खे पोचले.

मित्रांनो, मला ओरडावेसे वाटत होते. अहो, त्यांचा आवाज खणखणीत आहे! मी एकही शब्द गाळलेला नाही! पण मला आवाज कुठे? दोन दिवे होते, ते जिवाच्या आकांताने लुकलुकत राहिले. आई म्हणाली, "दिवे तर लागतायत. म्हणजे आपल्याकडे सगळं ठीक आहे."

आजोबांचा फोन रोजचा दोन दिवसांआड झाला, मग आठवड्याने. ते आता "हो", "बरं", "ठेवतो" एवढेच बोलायचे. लहान शब्द तुटत नाहीत, हे त्यांना कळले होते.

शेवटी मुलीने हट्ट धरला तेव्हा काका आले. त्यांनी संगणकावरून शंभर छोटी पाकिटे हळूहळू पाठवून पाहिली. शंभर परत आली. "लाइन टकाटक आहे, वहिनी!" तरी मुलीच्या समाधानासाठी त्यांनी तार बदलली. मग भिंतीवरची इंटरनेटची पेटी बदलली. मग माझ्याकडे बोट दाखवले. "हेच मेलं असेल." त्यांनी मला उपटले आणि या खणात टाकले. माझ्या जागी माझाच एक भाऊ बसवला, त्याच कारखान्यातला, तसाच हिरवा. खण नीट बंद होत नाही. फटीतून मी बघत होतो, ऐकत होतो.

"मास्त... बाई... कशी... हेस?"

माझा भाऊ मोजून देत होता. ड्रायव्हर सांडत होता.

मुलगी हिरमुसून पुस्तक चाळत बसली. चाळता चाळता तिचे बोट थांबले. आधीची पाने स्वच्छ होती. मग एका पानापासून रेघांचे रान माजले होते, आणि समासात तारीख होती. गुरुवार. तिने संगणकात कोणत्या दिवशी काय बसवले याची यादी उघडली. तोच गुरुवार! मग चार दिवस ती लिनक्सवाल्यांच्या चर्चा वाचत बसली. कार्डाने किती पाकिटे घेतली आणि आत किती पोचली, हे दोन आकडे वेगवेगळे विचारता येतात, हे तिला तिथे कळले. तिने विचारले. आकडे जुळले नाहीत.

"आई!" तिचा आवाज चिरकला. "आजोबा नीट बोलत होते! सगळं इथपर्यंत येत होतं. आपल्याच घरात सांडत होतं!"

तिने जुना ड्रायव्हर परत घातला आणि लगेच फोन लावला.

"हो," आजोबा म्हणाले. स्वच्छ. खणखणीत.

"आजोबा, तुमची काही चूक नव्हती! कवळीची पण नव्हती! आमच्या संगणकात बिघाड होता. मी मोजून बघितलं."

"बरं."

"खरंच सांगतेय. वाचा ना. शेवटची तीनच प्रकरणं राहिलीत."

चष्मा मिटल्याचा बारीक आवाज आला. मग ते म्हणाले, "माझ्या समाधानासाठी सांगतेस, कळतं मला. तूच वाच. मी ऐकतो."

ती वाचू लागली. खलाशाचा घोगरा आवाज तिला नीट जमेना. भोंगा तर पिपाणीसारखा निघाला. पलीकडून अधूनमधून नुसते "हं" यायचे.

शांततेचीही पाकिटे असतात, मित्रांनो. आता माझा भाऊ ती उचलतो, मोजतो, आणि एकही हरवत नाही.

मला इथून बाहेर काढा असे मी म्हणत नाही. या किल्लीची मला सवय झाली आहे. एवढेच मागतो, की उद्या कोणाचे बोलणे तुटक वाटले, तर "तुमचं तुटतंय" असे म्हणण्याआधी आपल्या घरात काय सांडते आहे ते एकदा मोजून बघा. लवकर बघा. ड्रायव्हर एका दुपारी बदलता येतो. आजोबा अजून "हं" वरच आहेत, आणि रोज पाच वाजता ती मुलगी पुस्तक कालच्या तारखेच्या पानावर उघडून आधी विचारते, "आज तुम्ही वाचता?"