धुराला वरची वाट

चंद्रभान थकला होता, आणि ही काही आजकालची गोष्ट नव्हती. अल्लीपुरात भाजीपाला पिकवणारा कोण थकत नाही म्हणा! पण बाकीचे निदान रात्री झोपत तरी होते. चंद्रभानच्या शेजारच्या खाटेवर अकरा वर्षांपासून पंचफुलाचा दमा मुक्कामाला होता. ती खोकत उठून बसली की हाही उठून बसायचा. पाठ चोळायची, पंप हातात द्यायचा, पाणी कोमट करायचं. तिचा डोळा लागेपर्यंत चार वाजायचे, आणि चारला पिकअपमध्ये कॅरेट भरायची वेळ व्हायची.

पिकअप जुनी, डिझेलची. सकाळी गावातल्या चार-पाच जणांचा माल हिंगणघाटच्या मंडीत टाकायचा, आणि मग मागे ट्रॉली जोडून गावोगाव भाजीची फेरी करायची. ट्रॉली मुद्दाम बुटकी बनवून घेतली होती, कारण पंचफुलाचे गुडघे पिकअपच्या मागच्या उंच डाल्यात, माल भरायच्या हौद्यात, चढू देत नव्हते. ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर ती बसायची, तराजू हातात, पायाशी वांगी, टमाटे, कोथिंबिरीच्या म्हणजे सांबाराच्या जुड्या. गिऱ्हाइकं सगळी तिची. चंद्रभान नुसता हाकणारा.

गोम अशी होती की पिकअपचा धूर मागे निघायचा आणि नेमका पंचफुलाच्या तोंडावर जायचा. गाडी बंद करून ठेवावी तर बॅटरी म्हातारी. एकदा बंद केली की चालू व्हायला नखरे. म्हणून दारोदारी इंजिन धुकधुकत राहायचं आणि पंचफुला पदर नाकाला लावून भाव सांगायची. शेवटी डॉक्टरांनी कान उपटले. "एक तर फेरी सोडा, नाही तर धूर सोडा. दोन्ही चालणार नाही."

"फेरी सोडून घरी काय भिंती मोजू?" पंचफुला म्हणाली. विषय संपला.

मग चंद्रभान गाडी घेऊन जामच्या चौरस्त्यावर नागसेनकडे गेला. नागसेनचं सायलेन्सरचं दुकान म्हणजे एक टिनाचं शेड, एक वेल्डिंग मशीन आणि स्वतः नागसेन. माणूस हाताचा पक्का आणि तोंडाचा फाटका. ट्रॉलीही त्यानंच बनवून दिली होती.

"जय भीम, चंद्रभानभाऊ. काय म्हन्ते गाडी?"

"राम राम. गाडी काई म्हनत नाई, बाईच खोकलून राह्यली. हा धूर बाजूले काढून दे."

नागसेन गाडीखाली शिरला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "बाजूले काढून काई फायदा नाई. गाडी उभी राह्यली का धूर फिरून ट्रॉलीखालीच येते. वर काढा लागन, ट्रॅक्टरवानी. केबिनच्या मांगून उभा पाइप."

"मंग काढ ना वर."

"काढ ना वर!" नागसेननं वेडावून दाखवलं. "पोट्टे येतात, सायलेन्सरच काढून टाका म्हन्तात, फाडफाड आवाज पाह्यजे त्यायले. त्यायले मी पाठवतो वापस. तुले आवाज नाई, ओढ पाह्यजे. मांगं भरेल ट्रॉली हाय. पाइपाले जेवढे वळनं, तेवढा धूर अडते. धूर अडला का इंजिन तापते, अन् मंग चढावर बसान तुमी दोघं गाडी ढकलत. सायलेन्सर आहे तिथंच ठेवतो. त्याच्या पुढं अर्धा इंच मोठा पाइप टाकतो, अन् दोनच वळनं देतो, मोठी मोठी. दोन दिवस लागन."

दोन दिवस लागले. चंद्रभान शेडमध्येच लोखंडी स्टुलावर बसल्या बसल्या झोपा काढत राहिला. किती दिवसांनी त्याला दिवसाची झोप मिळाली होती, आणि तीही घणाच्या आवाजात. नागसेननं पाइप रबराच्या पट्ट्यांवर टांगला, म्हणजे गाडी हादरली तरी जोड तडकू नये. मध्ये एक जाळीदार लवचिक तुकडा बसवला. उभ्या पाइपाभोवती भोकांचा पत्रा गुंडाळला, कोणाचा हात भाजू नये म्हणून. मग ट्रॉलीत रेतीची पोती घालून पुलाच्या चढावर तीनदा गाडी ओढून पाहिली. तिन्ही वेळा तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

गाडी न्यायला पंचफुलाही आली होती. तिनं मान वर करून पाइपाचं तोंड बराच वेळ पाहिलं.

"अन् पावसाचं पानी आत गेलं तं?"

"तोंड तिरपं कापलं हाय ना, वहिनी," नागसेन म्हणाला. "अन् थोडंफार गेलंच तं खालच्या वळनाले बारीक भोक ठेवलं हाय. पानी तिथून गळून जाते. काई झाकाची गरज नाई."

पंचफुला नुसतं "हं" म्हणाली. चंद्रभानला त्या "हं"चा तीस वर्षांचा अनुभव होता. त्याचा अर्थ 'तुम्हाला काय कळतं' असा होता. पण तो थकलेला होता, त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. इथंच चुकलं.

कारण त्यांच्या घरी पूर्वी एक ट्रॅक्टर होता. उभ्या सायलेन्सरचा. आभाळ भरून आलं की त्या सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबायचं काम पंचफुलाचं, आणि सकाळी तो काढायचं कामही तिचंच. गावात सगळेच हे करतात. कोणी डबा उपडा घालतं, कोणी बोळा. एका वर्षी ती माहेरी गेली होती, बोळा राहिला, पाणी आत गेलं आणि इंजिन धरून बसलं, फिरेचना. ऐन पेरणीत. सासऱ्यानं तो ट्रॅक्टर विकेपर्यंत तिला तेच ऐकवलं. तेव्हापासून उभा पाइप आणि पाऊस एकत्र दिसले की बाईचा जीव खालीवर व्हायचा.

पुढचे दीड-दोन महिने मात्र बरे गेले. रात्री गाडी छपराखाली असायची आणि फेरीत इंजिन चालूच, त्यामुळं पाइपात पाऊस शिरायची वेळच आली नाही. धूर वरच्या वर उडून जायचा. पंचफुला पदर खांद्यावर ठेवून भाव सांगायची. रात्री एकदाच उठायची, कधी कधी उठायचीच नाही. चंद्रभान मात्र सवयीनं उठून बसायचा आणि अंधारात तिचा श्वास ऐकत राहायचा. झोपेची इतकी वाट पाहिली, आणि आता झोप येत नव्हती. नशीब म्हणतात ते हेच.

सप्टेंबर संपत आला होता. जामला त्या दिवशी बाजार होता, गाडी सकाळपासून उघड्यावर बंद उभी होती, आणि दुपारपासून पावसानं जी झोड उठवली ती थांबेना. बाजारकऱ्यांनी ताडपत्र्या खाली ओढल्या. पंचफुलाच्या ट्रॉलीला लागून भज्यांचं दुकान होतं. ताडपत्रीखाली तेलाचा, मिरचीचा धूर कोंडला. चंद्रभान पलीकडं कांद्याच्या ढिगाशी रूपरावासोबत बोलत उभा होता. हा रूपराव त्यांच्याच गावचा, त्याचा मालही ह्याच गाडीत यायचा. ज्या धुरासाठी दोन दिवस शेडमध्ये काढले तो वर गेला होता, आणि हा दुसराच धूर कढईतून निघून बाईच्या छातीत शिरत होता.

"चंद्रभान! तुही बायको पाह्य!" भज्यावाला ओरडला.

तो धावला. पंचफुला फळीला धरून बसली होती. खांदे कानापर्यंत चढलेले, गळ्याची खाच आत ओढली जात होती. ओठ जांभळट. तिनं पंप तोंडात धरून दाबला. नुसता कोरडा आवाज आला. संपलेला. नवा घरी फडताळात.

रूपरावानं आणि त्यानं तिला उचलून केबिनमध्ये बसवलं. हिंगणघाटचा दवाखाना वीस मिनिटांवर. त्यानं चावी फिरवली. इंजिनानं घर्र केलं, एकदा पेटलं, भुस्स करून विझलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"काऊन? काऊन नाई होऊन राह्यली?" रूपराव ओरडला.

"मले काय माहीत!"

"मी नागसेनले आनतो. नाई तं रोडवरची एखादी गाडी थांबवतो." रूपराव पावसात पळत सुटला.

चंद्रभाननं तिसऱ्यांदा चावी फिरवली. इंजिन विझलं, आणि त्याच्याबरोबर चंद्रभानच्या आतलंही काहीतरी विझलं. हात स्टिअरिंगवरून मांडीवर पडले. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला भीती वाटली नाही. वाटला तो थकवा. अकरा वर्षांचा सगळा थकवा एकदम येऊन मांडीवर बसला. आता आपल्या हातात काही नाही, आता आपण काही करायचं नाही, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं लबाडासारखं गोड होतं.

पंचफुलानं त्याचा शर्ट ओढला. बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता. तिनं हात उचलला आणि बोट वर दाखवलं. एकदा, दोनदा. वर.

चंद्रभाननं ते बोट पाहिलं. तिचे डोळे पाहिले. चालली ही, त्याला वाटलं. निरोप घेऊन राहिली.

आणि त्यानं मान हलवली.

हो म्हणाला तो. जा, म्हणाला. तिनं डोळे मिटले आणि डोकं सीटला टेकवलं.

मान हलवून झाल्यावर काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं वेड्यासारखी चावी पुन्हा फिरवली. इंजिन धापा टाकत दोन-चार आचके देत राहिलं, आणि तेवढ्यात त्याला खालून कुठून तरी शिट्टी ऐकू आली. बारीक, कुकरसारखी. तो उडी मारून खाली उतरला, चिखलात वाकला. केबिनमागच्या खालच्या वळणाला नागसेननं ठेवलेलं ते बारीक भोक. त्यातून धुराची पांढरी रेघ जोरात सुटून विरत होती. पाणी गळायच्या भोकातून धूर कसा? वरची वाट बंद असल्याशिवाय धूर खालून कशाला निघेल?

वर.

तो चाकावर पाय देऊन डाल्यात चढला, पत्र्याला पोट घासत पाइपाच्या तोंडाशी पोचला आणि दोन बोटं आत घातली. कापड लागलं. आत दाबून, काठीनं ठासून बसवलेलं. त्यानं नखांनी ओढलं, निसटलं, पुन्हा ओढलं. बोळा बाहेर आला तो हिरव्या काठाच्या जुन्या लुगड्याचा. घरच्या फडताळातला, सोबत आणलेला.

चावी फिरवताच इंजिन फुर्रकन चालू झालं, आणि पाइपातून काळा लोट वर पावसात उसळला. ट्रॉली सोडायला वेळ नव्हता. पावसाच्या चिखलानं हुकाची खीळ घट्ट बसली होती. तशीच भरल्या ट्रॉलीसकट त्यानं गाडी रस्त्यावर घातली. रूपराव हात करत समोरून येत होता, तो बाजूला झाला.

पुलाचा चढ आला. चंद्रभाननं अॅक्सिलेटर दाबला आणि काट्याकडे पाहिलं. काटा जागचा हलला नाही. मागे ट्रॉली उसळत होती, एक भोपळा रस्त्यावर पडून फुटला, मग दुसरा पडला. पिकअपनं सगळं ओझं ओढून नेलं, एकदाही कुरकुरली नाही. नागसेनचे हात सोन्याचे, तो मनात म्हणत राहिला, सोन्याचे. दुसरं काही मनात यायला नको म्हणून तो तेवढंच म्हणत राहिला.

दवाखान्यात तिला वाफ दिली, सुई दिली. पाऊण तासानं खांदे खाली आले. चंद्रभान पलंगाशेजारी ओल्या कपड्यांत उभा होता. बाहेर आवारात ट्रॉली उभी, आणि पेशंटसोबत आलेली एक बाई आत डोकावून विचारून गेली, "भाऊ, वांगे कसे देता?" त्यानं "न्या तसेच" म्हटलं.

पंचफुलानं तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

"पानी जाईन म्हून लावून घेतला होता म्या, भज्यावाल्याच्या पोट्ट्याले वर चढवून. इंजिन धरते मंग."

"बोलू नको वं तू आता."

"ध्यानातच नाई राह्यलं सांगाचं. अन् मंग बोलता येयेना." ती थांबली, दोन श्वास घेतले. "म्हून बोट दाखवलं वर. वाटे, यायले काई समजत नाई. मंग तुमी मान हालवली, तवा मले धीर आला. म्हटलं, समजलं. आता काई भेव नाई." आणि ती हसली. "त्याच्यावरच तं धरून राह्यली मी."

चंद्रभाननं तिच्या अंगावरची चादर सारखी केली. ह्या बाईनं त्याच्या एका मानेवर जीव टांगून ठेवला होता, आणि ती मान त्यानं कशाला हलवली होती हे फक्त त्याला माहीत होतं. हे ओझं आता कोणत्या हुकाला लावायचं?

"समजलं होतं ना?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "समजलं होतं."

"बोळा फेकला तं नाई? चांगलं लुगडं होतं थे."

त्यानं खिशातून काजळी लागलेला बोळा काढून दाखवला.

"मंग लावून या. पानी चालूच हाय बाहेर."

"नागसेननं सांगतलं ना, गरज नाई."

"हं," पंचफुला म्हणाली आणि मास्क परत तोंडावर घेतला.

तो बाहेर आला. पाऊस आता बारीक झाला होता. ट्रॉलीतली वांगी निम्मी गेली होती. चाकावर पाय देऊन तो पुन्हा वर चढला आणि बोळा पिळून पाइपाच्या तोंडात बसवला. पण या खेपेस सगळा आत ठासला नाही. हिरव्या काठाचा तीन-चार हात लांब तुकडा त्यानं बाहेर ठेवला, केबिनच्या टपावरून पुढं ओढला, आणि पार काचेवर, गाडी हाकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल असा सोडला. मग खाली उतरून सीटवर बसला आणि तो काठ दिसतो का ते पाहिलं. दिसत होता. तो रडायला लागला, आणि बराच वेळ त्याला तिथून उठता आलं नाही.