हिरव्या पानांनिशी

हेस्टर प्यू सत्तरी ओलांडलेली. हृदय पार थकलं होतं, जीभ मात्र चांगली धडधाकट होती. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी डॉक्टर बेडोज खाली स्वयंपाकघरात तिच्या धाकट्या बहिणीला, डॉर्कसला, हळूच सांगून गेले की ही काही पुढचा हिवाळा पाहायची नाही. जुन्या घराच्या फळ्यांतून सगळं वर ऐकू येतं, हे त्यांना कोण सांगणार? हेस्टरने शब्द न् शब्द ऐकला. तिला रडू आलं नाही, राग आला.

तिच्या डोक्यात सफरचंदाच्या झाडाखालचे स्नोड्रॉप घोळत होते, हिवाळा सरताना मान खाली घालून फुलणारी ती पांढरी फुलं. ती बेटं तिनेच वाढवलेली. आजारपणात ती फोडून, कंद वेगळे करून पुन्हा लावायचं राहून गेलं, कंदांची नुसती दाटी झाली, आणि यंदा पानंच पानं, फुलं तुरळक. बेटं फोडायची ती फुलं ओसरताना, पानं हिरवी असतानाच. शरदात सुके कंद लावले तर निम्मे डोकंच वर काढत नाहीत. म्हणजे जे करायचं ते आताच. आणि डॉर्कसने तर जन्मात मातीला हात लावला नव्हता.

निदान एक फूल आणून दाखव, कसं आलंय ते बघते, असं हेस्टरने सांगून पाहिलं. डॉर्कस पांढरीफटक पडली. स्नोड्रॉप घरात आला की घरातून शवपेटी निघते, हे ती आईकडून लहानपणापासून ऐकत आली होती.

"दुसरं काहीही माग," ती म्हणाली.

"ठीक आहे. फूल आत येत नाही ना? मग मी बाहेर जाते."

डॉर्कसने तिचे बूट कोळशाच्या खोलीत लपवले आणि निर्धास्तपणे पाव आणायला गेली. पण बुटांवाचून अडेल ती हेस्टर कसली! डॉर्कस परतली तेव्हा थोरल्या बाईसाहेब रात्रीच्या झग्यावर वडिलांचा ओव्हरकोट चढवून झाडाखाली गुडघे टेकून बसल्या होत्या, पायांत डॉर्कसचे चर्चला जायचे बूट, चिखलाने माखलेले.

डॉर्कसच्या तोंडाचा पट्टा सुटला. थंडी, हृदय, शेजारपाजार, बूट, काही म्हणून सुटलं नाही. हेस्टर आपली फावड्याने बेट उकरत राहिली. शेवटी डॉर्कस ओरडली, "कुणासाठी चाललंय हे सगळं? ती फुलतील तेव्हा तू असणार आहेस का?"

बोलून गेली आणि तिने तोंडावर हात धरला.

"नसेन," हेस्टर म्हणाली. "ऐकलंय मी. पण मी जाणार म्हणून यांनीही जायचं? आणि तू असशील की. खिडकीशी बसून रडत राहशील, माहितीये मला. त्यापेक्षा बाहेर येऊन यांच्याकडे बघ. ये, बस खाली."

डॉर्कस उभ्या उभ्या हमसून रडली. मग नाक पुसून खाली बसली. कांदे निवडावेत तसा तिने एकेक कंद सुटा केला, तेव्हा हेस्टरने तिला चांगलंच फैलावर घेतलं. तीन-चार एकत्र ठेव, मुळं तोडू नकोस, देठाचा पांढरा भाग मातीखाली जाऊ दे. दम लागला की ती झाडाला टेकायची आणि टेकूनच हुकूम सोडायची. डॉर्कस निमूटपणे खड्डे करत होती. दुसऱ्या ओळीपर्यंत तिचा हात बसला.

विसरलेली टोपी घ्यायला डॉक्टर बेडोज परतले आणि फाटकातच थबकले. तरातरा आत येत ते म्हणाले की हा शुद्ध वेडेपणा आहे, यांना आत्ताच्या आत्ता बिछान्यात न्या. आयुष्यभर डॉक्टरांपुढे मान डोलावत आलेल्या डॉर्कसने मातीतून मान वर केली.

"डॉक्टर, आधी तो पाय उचला. आमच्या कंदांवर उभे आहात तुम्ही."

त्यांनी पाय उचलला. डॉर्कसने दबलेली माती बोटांनी मोकळी केली, कंद सरळ केला आणि पुढचं बेट फोडायला घेतलं.